पाच फड : पंचमहाभूतांच्या लोकांची रचना (प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जून 2025)

6 एप्रिल

उद्दिष्ट आधी लिहून ठेवतो, पुढे भरकटायला नको. आपल्या कॅम्पेनसाठी (लांब चालणाऱ्या खेळकथेसाठी) मूलतत्त्वांचे लोक, म्हणजे एकेका तत्त्वाची जगं, स्वतः बांधायचे. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, खेळाडू चार, सगळे पाचव्या लेव्हलचे.

डंजन्स अँड ड्रॅगन्समधली जुनी मांडणी समोर ठेवून सुरुवात केली. तिथे चार तत्त्वं वर्तुळात बसतात आणि शेजाऱ्यांच्या मधे मिश्र लोक असतात: पाणी-माती म्हणजे चिखल, माती-आग म्हणजे लाव्हा, आग-हवा म्हणजे धूर, हवा-पाणी म्हणजे बर्फ. समोरासमोरची तत्त्वं एकमेकांना भेटतच नाहीत. त्यामुळे वाफ आग आणि पाण्यातून निघत नाही, तिला वेगळी धन-ऊर्जा लागते. ज्याने चोपडा तालुक्यात उनपदेवचा गरम झरा पाहिलाय, चैत्र-वैशाखात रस्त्यावरचा फुफाटा अंगावर घेतलाय, त्याला ही मांडणी पटणं कठीण. आग-पाणी आणि हवा-माती या दोन जोड्या खानदेशात रोज भेटतात. त्या वगळल्या तर इथला अर्धा भूगोल वगळला.

दुसरी अडचण खेळातली. शुद्ध आगीचा लोक म्हणजे दर टर्नला आगीचं डॅमेज. आगीपासून संरक्षण मिळालं की तो लोक संपला. एका स्पेलने (जादूच्या मंत्राने) जो लोक संपतो तो लोक नव्हे, ती फक्त खोलीच्या दारावरची फी.

9 एप्रिल

पंचमहाभूतं घ्यायची हे ठरलं: आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. क्रम तैत्तिरीय उपनिषदातला आहे, प्रत्येक तत्त्व आधीच्यातून निघतं. पण खरा हाताला लागला तो वेदान्तातला पंचीकरणाचा हिशेब. आपल्याला दिसणारं कुठलंही स्थूल तत्त्व शुद्ध नसतं. त्यात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा प्रत्येकी आठवा भाग. म्हणजे 1/2 + 4 × 1/8 = 1.

हा सरळ आठ बाजूंचा फासा आहे. 1 ते 4 पडलं तर स्वतत्त्व, 5 ते 8 म्हणजे बाकीची चार परतत्त्वं, एकेका आकड्याला एक. कुठलाही फेरफार न करता हजार-बाराशे वर्षं जुनी मांडणी टेबलावर उतरते. सगळी रचना आता याच एका प्रमाणावर उभी करायची. दुसरं कुठलंही यंत्र जोडण्याआधी विचारायचं, की हे आठव्या भागातून निघतं का?

पाच तत्त्वांच्या जोड्या होतात दहा. दहाही ठेवल्या आणि त्यांना 'शीव' म्हटलं, कारण दोन गावांच्या हद्दीला आपण शीवच म्हणतो.

नावाचा घोळ लगेच लक्षात आला. पहिल्या मसुद्यात 'भूतलोक' होतं. टेबलावर वाचून दाखवलं तर सगळ्यांच्या डोक्यात पिंपळावरचं भूत. रद्द. संपूर्ण रचनेला 'पाच फड' हे नाव दिलं. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याच्या पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं असतं. पाणी पाळीने मिळतं, कुणाच्या वावराला कधी ते पाटकरी ठरवतो. एका फडात एक पीक, एका लोकात एक तत्त्व. पण पाट सगळ्यांना जोडणारा. नावात रचनाच सांगितली गेली.

13 एप्रिल, चाचणी 1

हेक्स नकाशा (षटकोनी घरांचा), एक हेक्स म्हणजे तासाभराची चाल (नियमातला साधारण वेग तासाला तीन मैल, म्हणून हेक्स पाचेक किलोमीटरचा). प्रत्येक हेक्सला आठचा फासा.

फसलं. फाशाला स्मरणशक्ती नसते. तेज लोकात पहिल्या सहा हेक्समध्ये पाच वेळा परतत्त्व पडलं आणि आपण कुठल्या लोकात आहोत हेच कुणाला कळेना. उलट टोकही तितकंच वाईट: सलग सहा हेक्स स्वतत्त्व पडण्याची शक्यता 64 मध्ये 1. ती ज्या टेबलावर येईल त्या टेबलाला संपूर्ण संध्याकाळ एकसुरी जाईल. एखादं ठरावीक परतत्त्व सहा हेक्समध्ये एकदाही न येण्याची शक्यता (7/8) चा सहावा घात, म्हणजे जवळपास 45 टक्के. सरासरी बरोबर पण प्रत्यक्षात प्रमाण हलतं. पंचीकरण म्हणजे शक्यता नव्हे, वाटणी. वाटणीला फासा चालत नाही, पिशवी लागते.

20 एप्रिल

पिशवीची रीत:

प्रत्येक लोकाची एक पिशवी, तीत आठ चकत्या: चार स्वतत्त्वाच्या, चार परतत्त्वांच्या. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सात चकत्या न दाखवता काढायच्या आणि सात हेक्सच्या फुलात (मधे एक, भोवती सहा) पालथ्या मांडायच्या. डीएम त्या बघू शकतो. आठवी चकती पिशवीतच राहते. ती त्या फुलाची वेस. ती स्वतत्त्वाची असेल तर वेशीतून त्याच लोकाच्या दुसऱ्या फुलात जाता येतं, परतत्त्वाची असेल तर त्या लोकात.

वेस स्वतःच्याच लोकात उघडण्याची शक्यता निम्मी, बाकी प्रत्येक लोकात आठवा हिस्सा. पंचीकरण पुन्हा तेच, फक्त आता जागेऐवजी वाटेचं. हे आपोआप जुळलं हे बघून वहीवर तीन वेळा गणित केलं. बरोबर आहे.

आठ चकत्यांत चार सारख्या असल्याने मांडणीचे प्रकार 8! भागिले 4!, म्हणजे 1680. सारख्या अंकांच्या मांडण्या मोजायची ही रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत अंकपाशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शके 1128 च्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या डोंगराच्या पायथ्याशी बसून हेच गणित शिकवलं गेलं, ही गोष्ट पिशवी हातात घेतली की आठवावीच.

साहित्य: पाच पिशव्या × आठ = 40 चकत्या, प्रत्येक तत्त्वाच्या आठ. कॅरमच्या जुन्या सोंगट्या वापरल्या. एका सेटमध्ये 9 काळ्या, 9 पांढऱ्या आणि 1 राणी, एकूण 19. दोन सेटच्या 38 होतात, दोन कमी पडतात, म्हणून तिसऱ्या सेटमधून दोन घ्या.

काय बिघडलं: आधी फक्त परतत्त्वाच्या सोंगट्यांवर स्टिकर लावले होते. पिशवीत अंगठा फिरवला की स्टिकरची कड लागते आणि डीएमचा हात नकळत तीच सोंगटी टाळतो किंवा निवडतो. चाळीसही सोंगट्यांना एकाच मापाचा गोल कागद, एकाच बाजूने, वर पारदर्शक टेप. कड टेपखाली गेली पाहिजे. टेप सोंगटीच्या कडेवरून खाली दुमडू नका, घासून उचकटते. ज्या सोंगटीची कड उडालेली आहे ती घेऊच नका, दोन खेळांत ती सगळ्यांना ओळखू येते.

27 एप्रिल, चाचणी 2 (पृथ्वी लोक)

पिशवी चालली, आणि न ठरवता एक गोष्ट घडली: खेळाडू मोजायला लागले. उघडलेल्या चकत्या समोर असतात, पिशवीत काय काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. सुरुवातीला वेस स्वतःच्याच लोकात असण्याची शक्यता 4/8. चार हेक्स उघडले आणि त्यात तीन पृथ्वी, एक वायू निघाला, तर न पाहिलेल्या चार चकत्यांत पृथ्वी एकच. शक्यता 1/4 वर आली. चारही पृथ्वी निघाल्या की वेस नक्की बाहेर नेणार. चारही परतत्त्वं निघाली की नक्की आत. हेक्स धुंडाळण्याला आता कारण मिळालं: खजिना नसला तरी माहिती मिळते. ही रचना टिकवायची. डीएमने मोजणीला मनाई करू नये, उलट पाटी समोर ठेवावी.

आता पृथ्वी लोकाबद्दल. इथे दगडी गुहांचा लोक करायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळला. तापीकाठची काळी जमीन घेतली.

वैशाखातलं कपाशीचं रिकामं वावर डोळ्यांपुढे आणा. भेगा पडलेल्या असतात, जाळीसारख्या, एकेकीत हात कोपरापर्यंत जावा अशा. वरचं ढेकूळ दगडासारखं कडक, पायाखाली हलत नाही. याच मातीवर चांगला पाऊस पडला की दोन पावलांत पायताणाला शेर-दोन शेर चिखल. कारण मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. ही जमीन स्थिर नाही, ती श्वास घेते. पृथ्वी म्हणजे घट्टपणा ही कल्पना इथे मोडते आणि खेळाला तेच हवं.

नियम असा. फूल सुरू होताना जमीन भेगाळलेली. भेगांतून कुठल्याही पृथ्वी हेक्समधून दुसऱ्या कुठल्याही पृथ्वी हेक्सला थेट जाता येतं, मधले ओलांडावे लागत नाहीत. फुलातला आपचा हेक्स उघडला की माती फुगायला लागते आणि भेगा मिटतात. नंतर सगळ्या पृथ्वी हेक्समध्ये चाल निम्मी. एका आठव्या भागाने बाकी अर्ध्याचं वागणं बदललं. आपची चकती वेशीत गेली असेल तर फूल संपेपर्यंत कोरडंच.

फसलं कुठे: दोन जण भेगेत, दोन जण वर पुढे. वरच्यांनी आपचा हेक्स उघडला. नियमाप्रमाणे भेग तत्क्षणी मिटली. श्वास रोखायचा नियम 1 + कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (पात्राच्या काटकपणाचा आकडा) इतकी मिनिटं. +3 वाल्याला चार मिनिटं. हेक्स तासाचा. मदत पोचणं शक्यच नाही. दोन पात्रं कुठलाही निर्णय न घेता मेली असती, चाचणी थांबवावी लागली.

चूक वेळेच्या मापातली आहे, आणि निरीक्षणातलीही. पहिल्या पावसाने भेगा झटक्यात बुजत नाहीत. आधी कडा ओल्या होऊन ढासळतात, ढेकळं आत पडतात, मग चिकण फुगून तोंडं मिटतात. म्हणून भेग मिटायला एक तास, म्हणजे पूर्ण एक हेक्स.

30 एप्रिल, आखाजी

चाचणी नाही, टेबलावरचे निम्मे गावी. कागदी काम.

भेगेतल्यांना इशारा कसा मिळावा? उत्तर परंपरेतच पडलेलं होतं. प्रत्येक तत्त्वाचा एक गुण: आकाशाचा शब्द, वायूचा स्पर्श, तेजाचं रूप, आपाचा रस, पृथ्वीचा गंध. आणि उत्तरोत्तर ते साठत जातात. आकाशात फक्त ऐकू येतं. वायूत ऐकू येतं आणि अंगाला लागतं. तेजात दिसायला लागतं. आपात चव येते. पृथ्वीत वासासकट पाचही.

म्हणून पृथ्वी लोकात इशारा नाकाने. आपच्या न उघडलेल्या हेक्सशेजारी कुणी आलं की डीएमने फक्त एवढंच म्हणायचं: मातीचा वास आला. मृगाच्या पहिल्या सरीआधी येतो तो. आकडा नाही, फासा नाही. खानदेशातल्या माणसाला त्यापुढे काही सांगावं लागत नाही. भेगेतला खेळाडू स्वतःच वर यायचं म्हणतो. पुढे पृथ्वी लोक पुन्हा खेळला तेव्हा हेच झालं.

दृष्टीचा हिशेब: आकाश आणि वायू हे दोन लोक परंपरेप्रमाणे बिनरूपाचे. पाचातले दोन लोक आंधळे ठेवले तर नकाशाचा खेळ बसतो कुठे? पण स्थूल वायूतही तेजाचा आठवा भाग असतोच. मोकळ्यावर दृष्टीची मर्यादा आपल्या टेबलावर 120 फूट धरतो. तिचा आठवा भाग 15 फूट, पाच फुटांच्या चौकटीत तीन घरं. म्हणजे या दोन लोकांत दृष्टी तीन घरांपुरती.

अपवाद एकच. फुलाच्या मधल्या हेक्सवर स्वतत्त्वाची चकती आली तर तो 'गाभा'. तिथे तत्त्व सूक्ष्म रूपात, पंचीकरण होण्याआधीचं. मिश्रण नाही, म्हणून परके गुणही नाहीत. गाभा निम्म्या फुलांतच असतो. एलिमेंटल जीव तिथलेच रहिवासी, बाकी हेक्समध्ये ते वाट चुकलेले म्हणून येतात.

4 मे, चाचणी 3 (तेज लोक)

पाचव्या आवृत्तीचा उष्णतेचा नियम 100 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 37.8 सेल्सियसला सुरू होतो. प्यायला पाणी नसेल तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (वाचण्यासाठी वीसचा फासा), पहिल्या तासाला डीसी (गाठायचा आकडा) 5, मग दर तासाला एकाने वाढ. चुकलं की एक पायरी एक्झॉस्शन (थकवा). जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. 38 हा आपल्याकडे कामाचा दिवस. त्यामुळे उंबरठा तेज लोकात काढूनच टाकला. तिथे कायम उन्हाळा आहे, प्रश्न फक्त पाण्याचा.

नियम किती कडक आहे ते मोजून ठेवलं. +2 वाल्याला सहा तासांत चुकण्याची शक्यता अनुक्रमे 10, 15, 20, 25, 30, 35 टक्के. सहाही वेळा सुटण्याची शक्यता जेमतेम 21 टक्के. पाण्यावाचून फूल ओलांडणं नाहीच.

पाण्याचं माप: नियमात उष्ण दिवसाला माणशी दोन गॅलन, साडेसात लिटरच्या वर. आठ तास चाल धरली तर तासाला दोन पिंट. एका मसकेत चार पिंट. आपण तिला छागल म्हणतो, बैलगाडीच्या दांडीला लटकवायची तीच. छागलीवर चार खुणा. तेजाच्या हेक्सला दोन खुणा, परतत्त्वाच्या हेक्सला एक. सातही हेक्स फिरायचे तर 4 × 2 + 3 = 11 खुणा, म्हणजे माणशी तीन छागली, भरलेली एक पाच पौंडांची. वजन जाणवतं आणि जाणवायलाच हवं.

फसलं: क्लेरिकने (पुजारी पात्राने) पहिल्या लेव्हलचा पाणी निर्माण करण्याचा स्पेल टाकला. दहा गॅलन, 80 खुणा. टंचाई एका स्पेलमध्ये संपली.

दुरुस्ती आठव्या भागातून. परतत्त्वाची निर्मिती त्या लोकात आठव्या हिश्श्यानेच होते. दहा गॅलनचा आठवा भाग दहा पिंट, दहा खुणा: एका माणसाच्या एका फुलाला एक कमी. स्पेल निकामी झाला नाही, पण तो कुणासाठी टाकायचा हा प्रश्न उभा राहिला. टेबलावर यावर पाच मिनिटं चर्चा झाली. छान झाली.

हाच आठवा भाग डॅमेजला लावून पाहिला. आप लोकात फायरबॉलच्या 8डी6 चा (सहा बाजूंच्या आठ फाशांचा) 1डी6 झाला. हिशेब देखणा, खेळायला रडका. विझार्डचं सगळं सामर्थ्य काढून घेतलं तर तो खेळाडू तासभर प्रेक्षक बनतो. डॅमेज निम्मं, निर्मिती आठवा भाग, असा फरक कायम केला. सुसंगतीसाठी खेळ मारायचा नाही.

चालीची वेळही घातली. दिवसाच्या चार प्रहरांपैकी मधल्या दोन प्रहरांत तेजाच्या हेक्सचा पाण्याचा खर्च दुप्पट. मग खेळाडू आपोआप झुंजुमुंजूला निघतात, दुपारी परतत्त्वाच्या हेक्समध्ये सावली धरून बसतात, कलत्या उन्हात पुन्हा चालतात. पराटीच्या शेतात काम करणारं प्रत्येक घर मे महिन्यात असंच वागतं. डॅमेजचा एकही फासा न टाकता उष्णता अंगाशी आली.

11 मे

पृथ्वी-तेज शीव. इथे धुळे-नंदुरबारकडच्या डाइक घेतल्या. शेतातून सरळ रेषेत निघालेल्या काळ्या दगडाच्या भिंती. परका माणूस पडकी तटबंदी समजतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांत वर चढून तिथेच थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला, भिंत उभी राहिली. यापैकी बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात.

नियम: तेज लोकातल्या पृथ्वीच्या हेक्सला एक भिंत, हेक्सच्या समोरासमोरच्या दोन कडांना जोडणारी. ओलांडायला एक तास जादा किंवा चढाईचा डीसी 15. बदल्यात दोन गोष्टी. एक, भिंतीलगत सावली, त्यामुळे दुपारची दुप्पट आकारणी नाही. दोन, चढाच्या बाजूला पाणी अडलेलं असतं, खणलं तर माणशी दोन खुणा मिळतात. उताराच्या बाजूला खणलं तर काही नाही. कुठली बाजू चढाची ते डीएमने शब्दांत सांगावं, नकाशावर काढू नये.

18 मे, चाचणी 4 (आप लोक)

समुद्र केला नाही. पाण्याखाली श्वास घेण्याचा स्पेल तिसऱ्या लेव्हलचा, दहा जणांना, 24 तास टिकतो. पाचव्या लेव्हलच्या गटाला बुडण्याची भीती उरतच नाही. म्हणून आप म्हणजे खोली नव्हे, ओढ. सगळं फूल एका दिशेने वाहतं. डीएमने सुरुवातीला सहांपैकी एक दिशा ठरवायची (सहाचा फासा). ओढीबरोबर हेक्स अर्ध्या तासाचा, आडवा एक तास, विरुद्ध दोन तास. श्वासाचा स्पेल इथे कामाचा आहे पण पुरेसा नाही.

दिशाभान चवीने. पाण्याची चव शेजारचा न उघडलेला हेक्स सांगते: मचूळ म्हणजे पृथ्वी जवळ, कोमट आणि गंधकट म्हणजे तेज, फसफसतं म्हणजे वायू, अगदी बेचव म्हणजे आकाश. गोड म्हणजे पुढेही आपच. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यालगतच्या गावांत विहिरीचं पाणी जिभेवर ठेवून लोक जमीन ओळखतात, तेच इथे. पण चाखायला थांबावं लागतं आणि त्या वेळात ओढ एक हेक्स खाली नेते, दोर बांधला असेल तर नाही. 50 फुटांचा दोर या लोकात तलवारीपेक्षा मोलाचा ठरला.

25 मे

वायू लोक थोडक्यात. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती ज्या एकसारख्या वाऱ्यावर फिरतात तसा वारा, दिशा पावसाळी, नैऋत्येकडून. स्पर्श हाच मार्गदर्शक: वारा डाव्या गालावर आहे की उजव्या, एवढंच सांगायचं. बाण-भाल्यांचा लांब पल्ला रद्द. आणखी काही लागलं नाही. पहिल्याच चाचणीत चाललं.

1 जून, चाचणी 5 (आकाश लोक)

सगळ्यात जास्त दुरुस्त्या इथे.

गाभ्यात दृष्टी शून्य. लढाई लावली आणि काहीच वेगळं घडलं नाही. कारण नियमातच: न दिसणाऱ्यावर वार करताना डिसअ‍ॅडव्हांटेज, पण ज्याला तुम्ही दिसत नाही त्याच्यावर वार करताना अ‍ॅडव्हांटेज. दोघंही आंधळे असले की दोन्ही (पहिल्यात दोन फाशांतला कमी आकडा, दुसऱ्यात जास्त) एकमेकांना खोडतात आणि साधा वीसचा फासा उरतो. संपूर्ण अंधाराची लढाई भर दुपारच्या लढाईसारखी झाली. डोळ्यांवर अवलंबून असलेला कुठलाही लोक बांधाल तर हा खड्डा आधी बुजवा.

दुरुस्ती: गाभ्यात अ‍ॅडव्हांटेज-डिसअ‍ॅडव्हांटेज दोन्ही नाहीत. त्याऐवजी, मागच्या टर्ननंतर ज्याने आवाज केला त्याच्यावरच नेम धरता येतो. गप्प राहिला तर घराचा अंदाज बांधून वार करायचा. घर चुकलं की वार वाया. तोंडी मंत्राचा प्रत्येक स्पेल म्हणजे आवाज. लोखंडी चिलखतात हलणं म्हणजे आवाज. आता गप्प उभं राहणं हीसुद्धा एक चाल झाली.

आणि आकाशात शब्द विरत नाही. हेक्समध्ये बोललेलं तासभर तिथेच घुमत राहतं, नंतर येणाऱ्याला ऐकू येतं. पितळखोऱ्याच्या लेण्यांत टाळी वाजवून पाहिलेल्याला हे समजवावं लागत नाही. खेळाडूंनी आधीच्या हेक्समध्ये आखलेला बेत शत्रूने मागून येऊन ऐकला, आणि पुढच्या फुलात ते वहीवर लिहून बोलायला लागले.

डीएमसाठी: या लोकात 'दिसतं' हा शब्द तीन घरांपलीकडे वापरायचा नाही. हे बोलणं सोपं, पाळणं अवघड. तयारी नसेल तर दहा मिनिटांत 'काहीतरी आवाज येतो' यावर गाडी अडते. दर हेक्सला सहा आवाज आधी लिहून ठेवा, नेमके: मोटेच्या चाकाची कुरकुर, जात्याची घरघर आणि ओवी गाणारीचा श्वास, रेल्वेपुलावरचा धडधडाट, रिकाम्या हंड्यात पडणारी पहिली धार. 'भीतीदायक आवाज' हा आवाज नव्हे.

8 जून

वेशीची अडचण. एका लोकात सरासरी दोन फुलं लागतात, पण सलग तीन वेशी स्वतःच्याच लोकात उघडण्याची शक्यता 1/8. चाचणीत पृथ्वी लोकात एका गटाला तेच झालं. तिसऱ्या फुलात भेगा-चिखल पाठ झाले होते.

इलाज फडातला: वेशीवर पाटकरी बसवला. फुलातली उघडलेली कुठलीही एक चकती वेशीतल्या चकतीशी बदलून द्यायचा अधिकार त्याला आहे. मोल काय? पाळी मोडून पाणी घेतलं की पुढची पाळी जाते. ज्या लोकात तुम्ही जाल त्याच्या पहिल्या फुलात तुमच्या मधल्या हेक्सची चकती पाटकरी न दाखवता उचलून नेतो, आणि ती जागा रिकामी: तिथून जाता येत नाही, काठानेच फिरावं लागतं, मोजणीही एकाने अपुरी राहते. पैसे मागणारा पाटकरी करून पाहिला होता. पाचव्या लेव्हलच्या गटाकडे सोनं भरपूर असतं, किंमत जाणवत नाही. माहिती काढून घेतली की जाणवते.

त्याच्याशी 'पाटकरी दादा' म्हणून बोलणाऱ्या गटाला तो चकती कुठली नेली त्याचं परतत्त्व-स्वतत्त्व सांगतो. फासा नको, रीतीने बोलणं पुरे.

15 जून

शिल्लक काम. दहापैकी सात शिवा लिहून झाल्या. राहिलेल्या: आकाश-तेज (वीज ठेवायची की नक्षत्रं, ठरत नाही, वीज वायूकडे ओढते म्हणून नक्षत्रांकडे कल), आकाश-आप (खोल विहीर, तळाशी आवाज आधी पोचतो, दगड नंतर), आप-वायू (गारपीट, चाल आणि आडोसा यांचा नियम हवा, गव्हाच्या उभ्या पिकाचं काय होतं ते दृश्य आधी लिहून मग आकडे).

प्लेन शिफ्टला (दुसऱ्या लोकात नेणाऱ्या स्पेलला) 250 सुवर्णमुद्रांचा धातूचा दुबेळका लागतो. तो फुलाशी नव्हे, लोकाशी जुळलेला राहील, म्हणजे पोचल्यावर नवी पिशवी हलवायची. हा स्पेल सातव्या लेव्हलचा, सध्याच्या गटाला अजून दूर आहे.

सोंगट्यांवरची टेप दोन पिशव्यांत सुटायला लागलीय, आप आणि पृथ्वी. पुढच्या चाचणीआधी चाळीसही सोंगट्यांची टेप बदलायची. फक्त सोळांची बदलली तर नवी टेप बोटाला कळेल.